लहानपणीच्या पुस्तकावर चित्रपट करायचाय? हक्कांच्या कागदापासून पहिल्या खेळापर्यंतची वाट

तिसरीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला एक कथासंग्रह बक्षीस मिळाला होता. पातळ पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ, आत काळ्या शाईतली रेखाचित्रं. त्यातली बोरीच्या झाडाची गोष्ट मी इतक्यांदा वाचली की ती पानं बांधणीतून सुटली. तीस वर्षांनी त्याच गोष्टीवर मी चोवीस मिनिटांचा लघुपट केला.

चित्रीकरण सहा दिवसांत आटोपलं. त्याआधीच्या तयारीत मात्र दीड वर्ष गेलं आणि त्यातले निदान आठ महिने निव्वळ माहिती नसल्यामुळे वाया गेले. हक्क कुणाकडे मागायचे, लहान मुलांना घेऊन काम करताना कायदा काय सांगतो, कुठला कागद कुणाकडे न्यायचा, हे एका जागी सांगणारं कुणी भेटलं नाही. तुमच्याही कपाटात असं एखादं पुस्तक असेल आणि त्यावर काही करायचं मनात घोळत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लेखिकेच्या घरच्यांची तशी इच्छा असल्याने तिचं आणि पुस्तकाचं नाव इथे घेत नाही.

१. पुस्तक उघडण्याआधी आठवतंय ते लिहून काढा

पहिलं काम कागद-पेन घेऊन बसायचं. पुस्तक समोर ठेवू नका. कुठला प्रसंग आठवतो, कुठला वास, कुठलं वाक्य, कोण रडलं, पाऊस होता की ऊन, सगळं लिहा. मग पुस्तक वाचा. मग दोन्ही शेजारी ठेवा.

मला आठवत होतं की गोष्टीतली मुलगी भर पावसात बोरीखाली उभी आहे. पुस्तकात पाऊसच नाही! गोष्ट पौष महिन्यातली आहे आणि बोरं पिकायचे ते दिवस थंडीचेच. पाऊस माझ्या मनाने घातला होता, कारण ती गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बाहेर पाऊस पडत होता. हे वेळीच कळलं म्हणून बरं झालं, नाहीतर कृत्रिम पावसावर पैसे घातले असते.

‘श्यामची आई’चंच बघा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहायला घेतलं. त्यात बेचाळीस रात्री आहेत, पण कुणालाही विचारा, पायाला माती लागू नये म्हणून आईने पसरलेला पदर, पोहायला न जाणाऱ्या श्यामला बसलेला मार आणि अळणी भाजी हेच प्रसंग पहिल्यांदा सांगतील. आणि बरेच जण त्या यादीत ‘छडी लागे छम छम’ही घालतील. ते पुस्तकात नाही. ते आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटातलं गाणं आहे. पुस्तक आणि पडदा आपल्या डोक्यात असे एकमेकांत मिसळलेले असतात. ते आधी वेगळे करून घ्या, कारण पुढच्या पायरीवर दोन्हींचे मालक वेगळे निघतात.

२. हक्क कुणाचे आहेत ते शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चित्रपट हौसेचा असो, विद्यार्थ्यांचा असो किंवा यूट्यूबवर फुकट दाखवायचा असो, गोष्ट दुसऱ्याची असेल तर परवानगी लागतेच. ‘आपण कुठे पैसे कमावतोय’ असं म्हणून कायद्यातून सुटका होत नाही.

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकाचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतात. ही साठ वर्षं मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क २०१० च्या अखेरीस संपले आणि १ जानेवारी २०११ पासून ते सर्वांना खुलं झालं. भा. रा. भागवत २००१ साली गेले. त्यांचा फास्टर फेणे २०६१ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांना हक्क दिलेत त्यांचा आहे. पुस्तक जुनं, पिवळं पडलेलं, बाजारात न मिळणारं आहे, याला काही अर्थ नाही. फक्त मृत्यूचं साल बघायचं. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर जो शेवटी गेला त्याचं साल.

यात चार ठिकाणी लोक फसतात.

पहिलं ठिकाण गाण्याचं. ‘श्यामची आई’ पुस्तक खुलं झालं म्हणून तुम्ही त्यातली गोष्ट घेऊ शकता, पण ‘छडी लागे छम छम’ घेऊ शकत नाही. ते अत्र्यांनी लिहिलं, अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. संगीत वसंत देसाईंचं, ते १९७५ साली गेले, म्हणजे चालीवरचा २०३५ च्या अखेरपर्यंत. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा.

दुसरं अनुवादाचं. आपल्यापैकी कित्येकांनी रशियन, बंगाली, इंग्रजी गोष्टी मराठीतूनच वाचल्या. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी तुमच्या हातातल्या मराठी वाक्यांवर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो.

तिसरं चित्रांचं. मुखपृष्ठावरची मुलगी जशी दिसते तशीच पोस्टरवर काढली, तर चित्रकाराचा प्रश्न येतो. आम्ही पोस्टर नव्याने काढून घेतलं.

चौथं ठिकाण प्रकाशकाचं, आणि तिथे मी स्वतः अडकले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो, म्हणून आपण आधी तिथे जातो. मीही गेले. ‘चित्रपटाचे हक्क आमच्याकडेच आहेत’ असं मला सांगण्यात आलं आणि मी कागद न बघता अर्धी रक्कम भरून बसले. पुढे लेखिकेच्या सूनबाईंनी, त्यांना मी काकू म्हणते, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मूळ करार होता. टंकलेखन केलेली दोन पानं, रेव्हेन्यू तिकिटावर लेखिकेची सही, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं: पुस्तकरूपाने दोन आवृत्त्या. चित्रपटाचा उल्लेखही नव्हता. दिलेले पैसे परत मिळवायला चार महिने लागले.

म्हणून प्रकाशकाशी बोला जरूर, त्यांच्याकडे बहुधा वारसांचा पत्ता असतो, पण ‘तुमचा लेखकाशी झालेला करार दाखवाल का?’ हे पहिल्याच भेटीत विचारा. कागद दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. वारस शोधा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या

लेखक हयात असतील तर हे काम एका बैठकीत होतं. नसतील तर मृत्युपत्र आहे का ते विचारा. त्यात लेखनाच्या हक्कांची वेगळी नोंद असू शकते. मृत्युपत्र नसेल तर हक्क सगळ्या कायदेशीर वारसांकडे जातात, एकट्या थोरल्याकडे नाही.

आमच्या बाबतीत पाच सह्या लागल्या: काकू, त्यांचा मुलगा, मुलगी, धाकटे दीर आणि न्यू जर्सीला राहणाऱ्या नणंद. सुरुवातीला मला वाटलं काकूंनी ‘कर गं तू, आनंदाने कर’ म्हटलं म्हणजे झालं. वकिलांनी ते ऐकून डोक्याला हात लावला. परदेशातल्या सहीला तिथल्या नोटरीसमोर सही, मग अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का), मग कागद टपालाने भारतात, असे दीड-दोन महिने धरा. तुमच्याही लेखकाच्या घरात कुणी परदेशी असेल तर हे काम सर्वात आधी सुरू करा.

घरच्यांना भेटायला जाताना पटकथा घेऊन जाऊ नका, पुस्तक घेऊन जा. मी माझी ती सुटी झालेली पानं नेली होती. काकूंनी ती हातात घेतली, पेन्सिलीने केलेल्या खुणा बघितल्या आणि पैशांचं काहीही न विचारता एकच विचारलं, ‘बोरीचं झाड राहील ना गं?’ त्या झाडाखाली त्यांच्या सासूबाई बसून लिहायच्या, हे मला तेव्हा कळलं. असा एखादा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. तो वहीत लिहून ठेवा.

करार लेखीच हवा, तोंडी होकार किंवा व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही. वकिलाकडून करून घ्या, पण त्यात काय हवं ते तुम्हाला ठाऊक असू द्या:

- नेमकी कुठली गोष्ट. ‘पुस्तक’ असं मोघम नको, कथेचं नाव आणि आवृत्ती लिहा.
- काय करणार: लघुपट, पूर्ण लांबीचा चित्रपट की मालिका. प्रत्येकाचा हक्क वेगळा धरतात.
- मुदत. लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो.
- प्रदेश. लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी महोत्सवात पाठवायचं असेल तर ‘जगभर’ लिहून घ्या.
- माध्यमं: चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, ओटीटी, महोत्सव, शाळांमधले खेळ. एकेक नाव घेऊन लिहा.
- कामाला लागायची मुदत. करारात वेगळं काही नसेल आणि हक्क मिळाल्यापासून वर्षभरात तुम्ही ते वापरले नाहीत, तर ते परत जातात. आम्ही तीन वर्षं लिहून घेतली.
- मोबदला, आणि पुढे चित्रपट विकला गेला तर त्यातला वाटा.
- श्रेयनामावलीत लेखकाचं नाव कसं, कुठे, केवढ्या अक्षरात.
- बदल किती करू शकता.

शेवटच्या कलमाबद्दल जरा सविस्तर सांगते. हक्क विकले तरी लेखकाचे नैतिक हक्क उरतात: आपलं नाव लागण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशा विपर्यासाला हरकत घेण्याचा. मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवर हिंदी चित्रपट झाला तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. पडद्यासाठी बदल करायची परवानगी म्हणजे कलाकृतीचा चेहरामोहरा बिघडवायची परवानगी नव्हे, हे १९८६ च्या त्या निकालातून पुढे आलं. नवऱ्या-बायकोच्या भांडणात सापडलेल्या एका लहान मुलाची ती कादंबरी आहे. लेखिकेला तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, हे मला फार लागलं होतं. म्हणून आम्ही करारातच लिहिलं की शेवट बदलायचा झाला तर घरच्यांना आधी दाखवू.

स्टँप पेपरबद्दल: महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेऐवजी पाचशे रुपयांचा लागतो. जुने शंभराचे कुणी गळ्यात मारू लागलं तर घेऊ नका.

४. पटकथा: मनातलं बाहेर कसं आणायचं

मुलांच्या पुस्तकांची गोडी बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या आवाजात असते आणि कॅमेऱ्याला तो आवाज ऐकू येत नाही. नवखा माणूस मग सगळा मजकूर निवेदनात घालतो आणि वर चित्रं हलवतो. माझा पहिला खर्डा तसाच होता, चोवीसपैकी अकरा मिनिटं निवेदन.

आमच्या गोष्टीत मुलगी वडिलांच्या पत्राची वाट बघते. पुस्तकात चार पानं तिच्या मनात काय काय येतं ते आहे. ती चारही पानं मी काढली. त्याऐवजी ती रोज दुपारी उंबऱ्यावर बसते, बोरं खाते आणि बिया ओळीने मांडते. एक दिवस, एक बी. सायकलची घंटा वाजली की मान वर, सायकल पुढे गेली की पुन्हा खाली. बियांची ओळ उंबरा संपवून ओसरीवर येते आणि तोवर एक अक्षर बोललेलं नसतं. बिया मांडणं पुस्तकात नाही, पण काकूंनी ते बघून ‘हे आईंनी लिहिलंय असंच वाटतं’ म्हटलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मनातलं एखादं वाक्य मुलाच्या हाताला कुठलं काम देईल, हे शोधत बसा. वेळ लागतो, लागू द्या.

काय राखायचं आणि काय सोडायचं, यासाठी झालेली कामं बघा, पुस्तक मांडीवर घेऊन बघा. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात आदित्य सरपोतदारांनी फुरसुंगीच्या शाळकरी बन्याला मोठं केलं आणि अमेय वाघला घेतलं. मला स्वतःला शाळकरी बन्याच हवा होता. तरी त्याचं ते ‘ट्टॉक’, आणि कुठे काही गडबड दिसली की स्वतःहून त्यात उडी घेणं, हे शाबूत राहिलं म्हणून तो ओळखू येतो. ‘श्यामची आई’चे दोन्ही चित्रपट बघा, अत्र्यांचा १९५३ चा आणि सुजय डहाकेंचा २०२३ चा. पहिल्याला देशाच्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालं, दुसरा रंगीत सिनेमाच्या काळात मुद्दाम कृष्णधवल ठेवलेला. गोष्ट सांगणारा मोठा श्याम पडद्यावर किती वेळ दिसतो, हे दोन्हींत घड्याळ लावून बघा. निवेदकाचं काय करायचं, या प्रश्नाचं याहून चांगलं शिक्षण कुठे मिळणार नाही.

आकारही गोष्टीला शोभणारा निवडा. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा सुट्या सुट्या आहेत, एका दोन तासांच्या चित्रपटात त्या गुदमरल्या असत्या. २०२४ साली निपुण धर्माधिकारींनी त्यांची मालिका केली, हे मला फार योग्य वाटलं. तुमच्याकडे दहा पानांची एकच कथा असेल तर तिचा लघुपट करा. ती ताणून दोन तासांची करू नका.

संवाद मोठ्याने वाचून बघा. ‘आई, तू मला का मारलेस?’ हे छापील पानावर शोभतं, तोंडात बसत नाही. आमच्या सांगलीकडच्या मुलीने पहिल्याच वाचनात स्वतःहून ‘का मारलंस गं?’ केलं, आणि मी संहितेत तसंच लिहिलं.

पटकथा पूर्ण झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. नोंदणी ऑनलाइन होते. पुढे कुणी तुमचं रूपांतर उचललं तर तारखेचा पुरावा हाताशी राहतो. मूळ कथेचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही, तो करारातूनच.

५. मुलं निवडा, आणि त्यांच्यासाठीचे नियम पाळा

निवडीचं थोडक्यात सांगते. पाठ केलेला उतारा म्हणायला लावू नका. मुलांना बोरं द्या, मीठ द्या आणि अर्धा तास सोडून द्या. आम्हाला हवी ती मुलगी खिडकीपाशी जाऊन बिया खाली कोंबडीला टाकत होती. पालक सोबत हवेत, पण नजरेसमोर नकोत.

नियमांचं मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटात घेता येतं, पण बालकामगार कायद्याच्या २०१७ साली सुधारलेल्या नियमांत राहूनच:

- ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी. सोबत फॉर्म सी मधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची लेखी संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव. हमीपत्र सहा महिने चालतं.
- दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.
- सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि अभ्यास बुडणार नाही याची सोय.
- दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती.
- मुलाच्या मानधनातले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात.
- मुलाच्या मनाविरुद्ध काही नाही.
- चित्रपटात, मुलांची कुठल्याही प्रकारे हेळसांड किंवा पिळवणूक झाली नाही अशा आशयाची पाटी.

‘छोटा सिनेमा आहे, कोण विचारतंय’ असं तुम्हाला चार जण सांगतील. ऐकू नका. आम्ही मुलीला सहा दिवसांचे पंधरा हजार दिले, त्यातले तीन हजार ठेवीत टाकले. बँकेत त्यासाठी तीन खेपा झाल्या, कारण जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं. हे आधीच तपासून ठेवा.

पाच तास म्हणजे पाचच. मेकअप, वाट बघणं सगळं धरून. वेळापत्रक त्याभोवती बांधा: सकाळी मुलांचे प्रसंग, दुपारनंतर मोठ्यांचे, नुसत्या झाडाचे, घराचे, रिकाम्या उंबऱ्याचे. आमच्या सहापैकी चौथ्या दिवशी ऊन सुंदर पडलं होतं, छायाचित्रकार अजून वीस मिनिटं मागत होता आणि मुलगी पेंगुळली होती. आम्ही कॅमेरा बंद केला. तो प्रसंग दुसऱ्या दिवशी घेतला, आणि ताज्या चेहऱ्याने ती त्यात ज्या तऱ्हेने हसली आहे तसं आदल्या दिवशी हसलीच नसती.

६. काळ, वस्तू, प्राणी

जुन्या गावातली गोष्ट असेल तर जागा बघायला जाताना गोष्टीतल्या काळाची फोटोंची वही घेऊन जा. डोळ्यांना सवय झाल्यामुळे आपल्याला दिसत नाहीत अशा गोष्टी कॅमेऱ्याला दिसतात: अंगणातले पेव्हर ब्लॉक, पाण्याच्या टाकीचं काळं प्लास्टिक, डिश अँटेना, खांबावरचा सीसीटीव्ही, प्लास्टिकची खुर्ची. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या, घरमालकाचं ना हरकत पत्र घ्या आणि शेजारच्या चार घरांना आदल्या दिवशी जाऊन सांगून या. मिक्सर आणि ट्रॅक्टर कधी बंद ठेवायचा ते तेच ठरवतात.

चिमणी, बंब, पितळी डबे, पाटी, दौत, पोस्टाची खाकी पिशवी, हे भाड्याने आणण्याआधी गावात विचारा. आमच्या गावातल्या आज्यांनी माळे रिकामे केले. प्रत्येक वस्तूवर मागच्या बाजूला मालकाचं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि शेवटच्या दिवशी स्वतः परत नेऊन द्या.

ओव्या पारंपरिक असल्या तरी कुणा गायिकेची ध्वनिफीत उचलू नका. गावातल्या बायकांकडून गाऊन घ्या, त्यांची लेखी संमती घ्या, मानधन द्या, नावं श्रेयनामावलीत घाला.

प्राण्यांबद्दल लोकांना माहितीच नसतं. कुत्रं, शेळी, कोंबडी काहीही कॅमेऱ्यासमोर कामाला घ्यायचं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. त्यांचं कार्यालय हरियाणातल्या बल्लभगडला आहे. शिवाय जुन्या बालकथांत मदारी आणि त्याचं माकड हमखास असतं. माकड, अस्वल, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याकडून खेळ करून घ्यायला आपल्याकडे बंदी आहे. आमच्या गोष्टीतलं माकड आम्ही डमरूच्या आवाजावर आणि मुलांच्या चेहऱ्यांवर भागवलं.

चित्रीकरणाच्या आदल्या रात्री फाइलमध्ये हे असू द्या

वारसांशी झालेला करार (मूळ प्रत घरी, झेरॉक्स सोबत), प्रकाशकाचं ना हरकत पत्र, पटकथेच्या नोंदणीची पावती, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती, ग्रामपंचायतीचं पत्र, घरमालकाचं पत्र, प्राण्यांच्या परवानगीचा कागद, संगीत आणि गायनाची संमतिपत्रं, जवळच्या दवाखान्याचा फोन नंबर. आणि पुस्तकाची एक प्रत. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी त्या दिवसाचं पान आम्ही मोठ्याने वाचायचो.

७. नाव आणि प्रमाणपत्र

मराठी चित्रपटाचं नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नोंदवण्याची पद्धत आहे. आपलं नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना, ते पोस्टर छापण्याआधी बघा.

चित्रपटगृहात किंवा जाहीर खेळात दाखवायचं तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र हवं. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर करायचा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या, गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग झाले आहेत. मुलांसाठीच्या चित्रपटाला यू, म्हणजे सर्वांसाठी खुलं, प्रमाणपत्र मिळावं असं वाटत असेल तर मारहाणीचे, विडी-तंबाखूचे प्रसंग लिहितानाच विचार करा. जुन्या गोष्टींत आजोबा सर्रास विडी ओढतात, आमच्या आजोबांच्या हातात आम्ही अडकित्ता दिला.

८. सगळ्यात आधी घरच्यांना दाखवा

अंतिम प्रत काढण्याआधी, म्हणजे ध्वनी आणि श्रेयनामावली अजून बदलता येते अशा वेळी, लेखकाच्या घरी जाऊन चित्रपट दाखवा. लॅपटॉपवर नको, जमलं तर भिंतीवर, पडदा लावून. आम्ही काकूंच्या दिवाणखान्यात पांढरी चादर लावली. नणंदबाईंसाठी न्यू जर्सीत सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल सुरू ठेवला. बोरीचं झाड पहिल्यांदा पडद्यावर आलं तेव्हा काकूंनी माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

मग श्रेयनामावली आली आणि त्या म्हणाल्या, ‘थांब, मागे घे.’ आम्ही लेखिकेच्या नावाआधी आदराने ‘सौ.’ लावलं होतं. ‘आई कधीच लावायच्या नाहीत. पुस्तकावर बघ.’ मी माझी सुटी पानं काढली. शीर्षकपानावर नुसतं नाव आणि आडनाव होतं. तीस वर्षं मी ते पान बघत आले होते. त्याच रात्री संकलकाला फोन करून ते एक अक्षर काढलं.